ग्रहण की राहू? ‘समजूत’ खरंच असते का

(मनाच्या तत्त्वज्ञानावरील व्याख्यानमालेतलं चौथं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या तीन व्याख्यानांत आपण मन आणि मेंदू यांच्या नात्याबद्दलची वेगवेगळी मतं पाहिली. आज त्यातलं सगळ्यांत टोकाचं मत घेऊ. हे मत असं म्हणतं की ज्यांच्याबद्दल आपण दिवसभर बोलतो त्या समजुती, इच्छा, हेतू या गोष्टी मुळात अस्तित्वातच नाहीत. उद्या त्या मेंदूत सापडतील आणि त्यांना शास्त्रीय नाव मिळेल, असं त्याचं म्हणणं नाही. त्या नाहीतच. भुतं नाहीत, तशाच समजुतीही नाहीत.

पहिल्यांदा ऐकल्यावर बहुतेकांना हसू येतं. पण ज्यांनी हे मांडलं ती माणसं विज्ञानाचा इतिहास नीट वाचलेली आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद बराच मजबूत आहे. म्हणून आज आपण आधी तो त्यांच्या बाजूने नीट समजून घेऊ, आणि मग तो कुठे तुटतो ते पाहू. तो तुटतो, असं आमचं मत आहे. मात्र नेहमी सांगितलं जातं त्या जागी तो तुटत नाही.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीतल्या ‘बिलीफ’ला मराठीत एकच एक शब्द नाही. ‘विश्वास’ म्हटलं की भरवसा डोळ्यांपुढे येतो, ‘श्रद्धा’ म्हटलं की देव. रोजच्या बोलण्यात आपण सरळ ‘वाटतं’ म्हणतो: मला वाटतं दुकान उघडं असेल. ते चुकीचं निघालं की म्हणतो, ‘माझा तसा समज होता’. आज आपण ‘समजूत’ हा शब्द वापरू. समजूत म्हणजे जग अमुक एका प्रकारचं आहे असं धरून चालणं. दुकान उघडं आहे असं धरून आपण पिशवी घेऊन निघतो. ते बंद असतं, तरी निघण्याचं कारण तीच समजूत असते. आपली पावलं जग जसं आहे त्याप्रमाणे पडत नाहीत, जग आपल्याला जसं वाटतं त्याप्रमाणे पडतात. ही साधी गोष्ट आज शेवटपर्यंत लक्षात ठेवायची आहे.

शेजारीण छत्री घेऊन बाहेर पडली. का? तिला वाटतं पाऊस येईल, आणि तिला भिजायचं नाही. झालं स्पष्टीकरण. समजूत अधिक इच्छा बरोबर कृती, या हिशोबावर आपण घर चालवतो, रस्ता ओलांडतो, बाजारात भाव करतो. या रोजच्या हिशोबाला तत्त्वज्ञ ‘लोकमानसशास्त्र’ म्हणतात. तो कुणी शाळेत शिकवत नाही. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतला मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? अगदी लहान मुलं म्हणतात, चॉकलेट आहे तिथे. साधारण चार वर्षांच्या पुढची मुलं म्हणू लागतात, त्याने ठेवलं होतं तिथे. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते, हे त्या वयात मुलांच्या बोलण्यात दिसू लागतं.

इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती पुढच्या पायरीवर.

१९५६ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्फ्रिड सेलर्स यांनी एक कल्पित कथा सांगितली. समजा, आपल्या पूर्वजांकडे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वागण्याबद्दल बोलण्याची भाषा होती. मग जोन्स नावाचा एक हुशार माणूस आला. त्याने सुचवलं की माणूस गप्प असतानाही शहाण्यासारखा वागतो, कारण त्याच्या आत बोलण्यासारखंच काहीतरी चाललेलं असतं. त्याला ‘विचार’ म्हणू या. ही कल्पना इतकी उपयोगी ठरली की लोक स्वतःबद्दलही तशाच भाषेत बोलायला शिकले. कथेचं तात्पर्य असं: विचार आणि समजुती आपल्याला आत डोकावून थेट दिसतात असं आपण मानतो, पण त्या एखाद्या सिद्धांताने मांडलेल्या, मानून घेतलेल्या वस्तू असू शकतात. भौतिकशास्त्रज्ञ अणू मानतो तशा.

सेलर्स यांना यातून समजुती पुसायच्या नव्हत्या. पण पॉल चर्चलंड यांनी पुढचा प्रश्न विचारला. लोकमानसशास्त्र हा सिद्धांत असेल तर तो चुकीचाही असू शकतो. आणि सिद्धांत मुळापासून चुकला तर त्याने मानलेल्या वस्तूंचं काय होतं? त्या जातात. पूर्वी रसायनशास्त्रात फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य मानत. लाकूड जळतं तेव्हा त्यातलं फ्लॉजिस्टन बाहेर पडतं, असं स्पष्टीकरण होतं. लाव्हाझिएच्या रसायनशास्त्राने दाखवलं की जळताना काही निघून जात नाही, उलट हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. त्यानंतर ‘फ्लॉजिस्टन म्हणजेच ऑक्सिजन’ असं कुणी म्हटलं नाही. फ्लॉजिस्टन नव्हतंच, असं म्हटलं. चेटकिणींचं तेच झालं. मनोविकार झालेल्या माणसांना एके काळी पछाडलेलं समजत. आज आपण पछाडणाऱ्या शक्तीला नवं नाव देत नाही, ती नाहीच असं म्हणतो.

चर्चलंड यांचा यावरचा प्रसिद्ध लेख १९८१ चा. त्यांच्या भूमिकेला मराठीत ‘उच्चाटनवादी जडवाद’ म्हणता येईल. लोकमानसशास्त्रावर त्यांचे आरोप तीन. पहिला, हा सिद्धांत महत्त्वाच्या जागी गप्प बसतो. झोप का लागते, स्मरण कसं होतं, मनोविकार म्हणजे काय, धावत जाऊन चेंडू कसा झेलता येतो, यांपैकी कशाचंही उत्तर ‘समजूत अधिक इच्छा’ यातून निघत नाही. दुसरा, तो वाढत नाही. प्राचीन ग्रीकांनी वापरला तोच आपण आजही वापरतो. दोन हजार वर्षांहून अधिक काळ जो सिद्धांत जागचा हलत नाही, त्याच्याबद्दल संशय यायला हवा. तिसरा, तो बाकीच्या विज्ञानांशी जुळत नाही. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, मज्जाशास्त्र एकमेकांना टेकून उभे आहेत. समजुती आणि इच्छा यांची वाक्यं त्यात कुठेच बसत नाहीत.

यातला काही भाग आम्हांला मान्य आहे. आत डोकावून सगळं दिसतं, हा आपला भ्रम आहे. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एका दुकानातला प्रयोग मांडला. स्त्रियांच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि ग्राहकांना सर्वांत चांगली निवडायला सांगितलं. चारही जोड्या अगदी सारख्या होत्या. लोकांनी उजव्या टोकाची जोडी सर्वांत जास्त वेळा निवडली. कारण विचारल्यावर कुणी विणकाम सांगितलं, कुणी पोत. जागेमुळे निवडली, असं कुणी आपणहून म्हटलं नाही. तेव्हा आपण स्वतःच्या वागण्याची जी कारणं सांगतो ती पुष्कळदा मागाहून जुळवलेली असतात. चर्चलंड यांनी आपला हा गैरविश्वास ढिला केला, हे त्यांचं श्रेय.

दुसऱ्या आरोपाबद्दल मात्र शंका आहे. लोकमानसशास्त्र खरंच जागचं हललं नाही का? ‘न्यूनगंड’ हा शब्द आज कुणीही सहज वापरतो. त्यामागची कल्पना विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रातून आली आणि घराघरांत रुजली. ‘त्याला स्वतःलाच कळत नाहीये की तो वडिलांवरचा राग मुलावर काढतोय’, असं वाक्य आज साधी माणसं बोलतात. माणसाची स्वतःला न उमगलेली समजूत, न उमगलेला राग, हे आपण रोजच्या हिशोबात घेतलं आहे. हा साचलेला सिद्धांत नव्हे. बाहेरून घेणारी, बदलणारी बोलण्याची रीत आहे.

आता नेहमीचा प्रतिवाद पाहू. लोक म्हणतात, चर्चलंड यांचं मत स्वतःलाच खोडतं. समजुती नाहीत अशी चर्चलंड यांची समजूत आहे, मग झालं की! लिन रडर बेकर यांनी १९८७ च्या पुस्तकात या दिशेचा युक्तिवाद पुष्कळ काळजीपूर्वक केला आहे. पण त्याच्या सोप्या रूपावर चर्चलंड यांच्याकडे चांगलं उत्तर आहे. ते म्हणतात, पूर्वी काही जण सजीवांत ‘प्राणशक्ती’ नावाचं द्रव्य मानत. समजा, एकाने म्हटलं की प्राणशक्ती नाही. त्यावर दुसरा म्हणाला, ‘प्राणशक्ती नसेल तर तू मेलेला आहेस, आणि मेलेल्याचं बोलणं कोण ऐकणार?’ हा विजय खोटा आहे, कारण जिवंत असायला प्राणशक्ती लागते हेच तर वादात आहे. तसंच, काही म्हणायला समजूत लागते, हे वादात असताना तेच गृहीत धरता येणार नाही. आम्हांला हे उत्तर पटतं. म्हणून आपण शब्दांत पकडण्याचा डाव खेळणार नाही.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. ग्रहण. एके काळी समजूत होती की राहू सूर्याला गिळतो. ‘ग्रहण’ या शब्दाचा अर्थच पकडणं. आजही आपण ग्रहण ‘सुटलं’ म्हणतो, म्हणजे कुणाच्या तरी तावडीतून सुटलं. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. मग काय काय गेलं आणि काय राहिलं? गिळणारा राक्षस गेला. ग्रहण राहिलं. सिद्धांत कोसळला म्हणून ग्रहणं होत नाहीत, असं कुणी म्हटलं नाही. आणि एक तिसरी गोष्टही झाली. राहू हे नाव गणितात टिकलं. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो, त्या बिंदूला पंचांगाच्या गणितात राहू म्हणतात. त्या बिंदूला तोंड नाही, भूक नाही, पण त्याच्यावाचून ग्रहणाचा हिशोब होत नाही.

म्हणजे सिद्धांत पडल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. वस्तू साफ जाते, राक्षसासारखी. नाव राहतं पण अर्थ बदलतो, बिंदूसारखा. किंवा जे समजावून सांगायचं होतं ते जसंच्या तसं उभं असतं, ग्रहणासारखं. फ्लॉजिस्टन गेलं, पण जळणं राहिलंच ना! तेव्हा चर्चलंड यांना खरा प्रश्न असा विचारायला हवा: समजूत हा राहू आहे की ग्रहण?

स्टीफन स्टिच यांची वाटचाल इथे बोलकी आहे. १९८३ मध्ये त्यांनी समजुतीच्या विरोधात अख्खं पुस्तक लिहिलं. १९९० मध्ये रॅम्सी आणि गॅरन यांच्यासोबत त्यांनी मज्जातंतूंच्या धर्तीवरच्या एका संगणकीय जाळ्याचं उदाहरण दिलं. त्या जाळ्याला सोळा विधानं खरी की खोटी ते शिकवलं. मग दुसऱ्या जाळ्याला तीच सोळा आणि वर सतरावं. दोन्ही जाळ्यांची तुलना केली तर सतरावं विधान अमुक एका जागी साठवलं आहे, असं दाखवता येत नाही. प्रत्येक माहिती सगळ्या जाळ्यात पसरलेली. मेंदू असा असेल तर ‘ही एक समजूत, तिने ही कृती घडवली’ असं सुटं सुटं बोलता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पण १९९६ मध्ये स्टिच स्वतःच मागे सरले. दोन सिद्धांतांत किती अंतर पडलं म्हणजे वस्तू ‘नाही’ म्हणायचं, आणि किती पडलं म्हणजे ‘आहे, पण आपण तिला चुकीचं ओळखलं होतं’ म्हणायचं, याचं ठाम उत्तर कुणाकडे नाही, असं त्यांच्या लक्षात आलं.

जाळ्याचा युक्तिवाद लागू पडतो तो एका विशिष्ट कल्पनेला. जेरी फोडर यांच्या मते समजूत म्हणजे मनाच्या भाषेत मेंदूत लिहिलेलं वाक्य. डोक्यात चिठ्ठ्यांची पेटी आहे आणि एका चिठ्ठीवर ‘पाऊस येणार’ असं लिहिलेलं आहे, असं ढोबळपणे म्हणू. अशी चिठ्ठी नसेल तर ती गेली. तो राक्षस राहू. पण शेजारीण छत्री घेते तेव्हा आपण तिच्या डोक्यातल्या चिठ्ठीबद्दल बोलत असतो, हे कुणी ठरवलं? डॅनियल डेनेट म्हणतात, समजूत ही गुरुत्वमध्यासारखी असते. लाठीचा गुरुत्वमध्य लाठी चिरून सापडत नाही, पण तो खोटाही नाही, कारण लाठी कशी तोलली जाईल हे त्यावरूनच कळतं. समजुती म्हणजे माणसाच्या वागण्यातला एक खरा नमुना. तो दिसला की पुढचं भाकीत करता येतं. हा पंचांगातला राहू झाला.

डेनेट बरंच काही वाचवतात. तरीही आम्हांला ते पुरेसं वाटत नाही, कारण डेनेट आणि चर्चलंड या वादात एकाच मापाने मोजतात. ते माप भाकिताचं. भाकीत जमतं का, किती जमतं, यावर समजुतीचं असणं-नसणं ठरतं. पण समजुतीकडून आपण फक्त भाकीत करून घेत नाही. हे दाखवायला एक खराखुरा खटला घेऊ. भुतं हे उच्चाटनवाद्यांचं आवडतं उदाहरण, आणि हा खटला भुतांचाच आहे. कायद्याचे विद्यार्थी तो हमखास वाचतात.

१९५८ चा मे महिना. ओडिशात रसगोविंदपूर इथे एक ओसाड पडलेला विमानतळ होता. तिथे रात्री भुतं दिसतात अशी भागात बोलवा होती. भंगार खरेदीसाठी आलेला एक व्यापारी, त्याचा नोकर आणि गावातले एक-दोघं रात्री तिकडून जात होते. लांब एक दिवा हलताना दिसला, भोवती आकृत्या. नोकर खुकरी घेऊन धावला आणि भुतं समजून त्याने सपासप वार केले. त्या आदिवासी स्त्रिया होत्या. कंदील घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. एक स्त्री मेली, काही जण जखमी झाले.

नोकर निर्दोष सुटला. राज्य सरकारने अपील केलं, तरी ओडिशा उच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली. आधार होता भारतीय दंडसंहितेच्या कलम ७९ चा. तेच कलम आज भारतीय न्याय संहितेत १७ व्या क्रमांकावर आहे. वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीमुळे, सद्भावनेने, आपलं कृत्य कायद्याने समर्थनीय आहे असं ज्याला वाटत होतं, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. आणि सद्भावना म्हणजे नुसता साधेपणा नव्हे. कायद्याच्या भाषेत सद्भावनेला उचित काळजी आणि लक्ष लागतं. सरकारी बाजूचं म्हणणं, याने पुरेशी काळजी घेतली नाही. न्यायालयाने मानलं की अधिक काळजी घेतली असती तर हे टळलं असतं, पण एवढ्यावरून त्याचं संरक्षण काढून घेता येत नाही.

हा निकाल बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल, घालावाच. मोहाची फुलं वेचणारी एक बाई मारली गेली आणि कुणालाच शिक्षा झाली नाही, हे पचायला जड आहे. पण वाद घालताना आपण काय विचारतो ते बघा. त्याला खरंच तसं वाटलं का? तसं वाटायला आधार होता का? थोडं थांबून बघायला नको होतं का? हे प्रश्न भाकिताचे नाहीत. घटना घडून गेली आहे, भाकीत कशाचं करणार? हे जाब विचारण्याचे प्रश्न आहेत.

फ्लॉजिस्टनला कुणी जाब विचारत नाही. मेंदूतल्या एखाद्या पेशीसमूहाला ‘तू पुरेशी काळजी का घेतली नाहीस’ असं विचारता येत नाही. तो पेटतो किंवा पेटत नाही, बस. समजूत मात्र अशी गोष्ट आहे की तिच्याबद्दल माणूस उत्तरदायी असतो. तिला आधार असतो किंवा नसतो, ती घाईची असते किंवा विचारपूर्वक असते, आणि चूक दाखवून दिल्यावर ती सोडावी लागते. चर्चलंड यांच्या तीन आरोपांत या कामाचा हिशोबच नाही.

यावर चर्चलंड काय म्हणतील? ते म्हणतील, न्यायालयं तर चेटकिणींचेही खटले चालवत होती. कोर्टात शब्द वापरला म्हणून वस्तू खरी होत नाही. अगदी बरोबर, आणि हा आक्षेप गंभीर आहे. पण चेटकिणींचं उच्चाटन आपण कसं केलं ते पाहू. चेटकीण काढून टाकली तेव्हा त्या जागी काय उरलं? ‘लोकांना तशी समजूत होती’ हेच उरलं. राहू गेला, तेव्हा उरलं: लोकांना वाटायचं राहू गिळतो. फ्लॉजिस्टन गेलं, तेव्हा उरलं: रसायनशास्त्रज्ञांचा तसा समज होता. प्रत्येक उच्चाटनाची गोष्ट ही एका चुकीची गोष्ट असते, आणि चूक म्हटली की चुकणारी समजूत आली. ओसाड विमानतळावर भूत नव्हतं म्हणूनच समजुतीला महत्त्व आलं. भूत खरं असतं तर तिचा वेगळा विचार करायची गरजच पडली नसती.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. इथे १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काम करते. नाव नीट वाचा. निर्मूलन भुतांचं नाही, अंधश्रद्धेचं. कारण भुतं नाहीत हे धरूनच काम सुरू होतं, आणि अंधश्रद्धा आहे म्हणूनच ते करावं लागतं. माणसाशी बोलून, प्रयोग दाखवून, त्याची समजूत बदलता येते, यावर ही सगळी चळवळ उभी आहे.

मग समजुतीचंच उच्चाटन झाल्यावर आपण काय म्हणू? ‘पूर्वी लोकांना समजुती असतात असं...’ पुढे कोणतं क्रियापद? चर्चलंड म्हणतील, तेव्हाच्या मज्जाशास्त्रात चुकीसाठी नवी, अधिक चांगली संकल्पना असेल. असू द्या. पण त्या नव्या संकल्पनेला दोनपैकी एक करावं लागेल. भूत समजून वार करणारा आणि बाई आहे हे माहीत असून वार करणारा, यांच्यातला फरक ती दाखवू शकेल किंवा नाही. दाखवू शकली, घाईची चूक आणि टाळता न येणारी चूक निवडू शकली, तर ती आपलीच समजूत असेल, सुधारलेल्या रूपात. राक्षस जाऊन बिंदू आला, एवढंच. दाखवू शकली नाही, तर आपण एक चुकीचा सिद्धांत सोडला असं होणार नाही. दोन वेगळ्या गोष्टींतला फरक आपल्याला दिसेनासा झाला, असं होईल.

तेव्हा आमचं उत्तर असं. डोक्यातली चिठ्ठी हा राक्षस असू शकतो, त्याला जाऊ द्या. वागण्यातला नमुना हा बिंदू आहे, तो हिशोबाला लागतो. आणि माणूस जगाला जसं धरतो तसा वागतो आणि त्याबद्दल त्याला विचारता येतं, हे ग्रहण आहे. मज्जाशास्त्र त्याचं कारण अधिक नीट सांगेल. ते होतच नाही, असं सांगू शकणार नाही.

चर्चलंड दांपत्याच्या घरातली एक गोष्ट सांगतो. २००७ मध्ये न्यूयॉर्कर साप्ताहिकात त्यांच्यावर मोठा लेख आला होता. त्यात पॅट्रिशिया चर्चलंड एका वैतागवाण्या बैठकीनंतर घरी येऊन काय म्हणाल्या ते दिलं आहे. माझं सेरोटोनिन तळाला गेलंय, आत्ता माझ्याशी बोलू नकोस, वाइन दे, अशा अर्थाचं. ‘मी वैतागलेय’ याऐवजी रसायनाचं नाव. ठीक आहे. पण नवऱ्याने गप्प राहावं अशी विनंती त्या करतात, कारण आपण का गप्प राहायचं हे त्याला कळेल असं त्या धरून चालतात. शब्द बदलले. धरून चालणं तिथेच आहे.

वेळ झाली आहे, पण दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: मग आज संगणकाशी गप्पा मारता येतात, त्या यंत्रांनाही समजुती आहेत असं म्हणायचं का?

भाकिताच्या मापाने पाहिलं तर ‘त्याला वाटतं’ असं म्हणणं सोयीचं आहे, आणि डेनेट यांची त्याला हरकत नसती. आमच्या मापाने आणखी एक प्रश्न राहतो: त्याच्या चुकीचा जाब त्यालाच विचारता येतो का, की आपण शेवटी तो बनवणाऱ्याला आणि वापरणाऱ्यालाच विचारतो? आज तरी आपण माणसांनाच विचारतो. म्हणून यंत्राबाबत ‘समजूत’ हा शब्द अर्धाच लागू आहे, असं आम्ही म्हणू.

प्रश्न: ‘मला तसं वाटलं’ असं म्हणून कुणीही सुटेल की. हे धोक्याचं नाही का?

धोक्याचं आहेच, आणि पायमोज्यांचा प्रयोग हाच धोका दाखवतो. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते पुरावा आहे, निकाल नव्हे. त्याचं आधीचं वागणं, त्याला काय दिसू शकत होतं, सोबतच्यांना काय वाटलं, हे सगळं तपासावं लागतं. पण तपासायचं काय, तर त्याला काय वाटलं तेच. तपास कठीण आहे म्हणून तपासायची गोष्ट नाही, असं होत नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण इच्छास्वातंत्र्याकडे वळू. माणूस उत्तरदायी असतो असं आज आपण धरून चाललो, त्याला आधार काय, हा प्रश्न तिथे घेऊ.